काकूंनी न घेतलेलं नाव

मी वर्ध्यात ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवते. भुतंखेतं, बाहेरची बाधा, अंगात येणं... या सगळ्याची मी वर्गात इतकी टिंगल केली आहे, की हे वाचून माझे जुने विद्यार्थी मला फोन करतील आणि पोट धरून हसतील. हसू देत. या सदरातले अनुभव मीही आजवर चहाबरोबर खारी खावी तसेच वाचत आले. लिहिणाऱ्याला डुलकी लागली असेल, ताप असेल, म्हणायचं आणि पान उलटायचं. आता माझ्यावरच लिहायची पाळी आली आहे, आणि मला ना ताप होता ना डुलकी. झालं ते सगळं टळटळीत उन्हात झालं.

आधी माणसं सांगते. मधुकरकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, वर्ध्यातच माझ्या घराजवळ राहतात. सरकारी ऑफिसातून साहेब म्हणून रिटायर झाले आणि घरी येऊन साहेबगिरी तशीच सुरू ठेवली. फक्त हाताखाली एकच माणूस उरलं होतं — विमलकाकू. चहा मनासारखा नसला की काका भरला कप पाहुण्यांसमोर बेसिनमध्ये ओतायचे आणि रिकामा कप काकूंच्या हातात द्यायचे. बोलायचे काही नाही. काकू हसायच्या आणि पुन्हा गॅस पेटवायच्या. त्यांचं ते हसणं पाहून माझं डोकं फिरायचं. पण माझे वडील गेल्यावर काकांपेक्षा मोठं असं घराण्यात कोणी राहिलं नव्हतं, त्यांना बोलणार कोण?

त्यांचा मुलगा निखिल जर्मनीत असतो. मागच्या वर्षी त्यानं आईवडिलांना ग्रीसला न्यायचं ठरवलं. समुद्राकाठी एका हॉटेलात राहायचं, रोज सकाळी गाडीनं निघायचं, एखादं जुनं गाव, एखादा किल्ला पाहायचा आणि संध्याकाळी परत यायचं, असा बेत. काकूंनी दोन नव्या साड्यांना फॉल लावून घेतले. मग कळलं, की काकांनी पासपोर्ट फक्त स्वतःचाच काढला आहे. निखिलला सांगितलं, "तुह्या मायचे गुडघे दुखतात, तिच्यानं नाई होत." काकूंचे गुडघे माझ्यापेक्षा ठणठणीत आहेत. काकूंना काय सांगितलं तर, "तुले काय समजते तिथलं? उगाच पैशाचा खराबा."

काका गेले, आले, आणि मग पुढे कितीतरी महिने आम्ही सगळ्यांनी ग्रीस भोगला. व्हॉट्सॲपवर फोटोंचा मारा. किल्ल्यासमोर काका, किल्ल्यावर काका, मांजरीसोबत काका. घरी कोणी आलं की सुरू — समुद्र असा, तटबंदी तशी, गल्ल्यांमध्ये कागदाचा कपटा सापडणार नाही. काकू तिथेच बसलेल्या असायच्या. एकदा त्यांनी हळूच विचारलं, "पानी निळं होतं का हो खरंच?" काका म्हणाले, "तू भाजीकडे पाय, जळून राह्यली." भाजी जळत नव्हती.

आता ट्रिपबद्दल. मी हौसेनं रविवारच्या वन डे ट्रिप काढते. वर्ध्याहून सकाळी टेम्पो ट्रॅव्हलर निघते, आधी पवनार, मग आडबाजूची जुनी गावं, पडक्या गढ्या, दुपारी कुणाच्या तरी अंगणात जेवण आणि उजेडात परत. दिवाळीनंतरच्या एका ट्रिपला काका म्हणाले, आम्ही दोघंही येतो. "तुमच्या ह्या मातीच्या ढिगाऱ्यायले किल्ले म्हन्ता तुमी, पाहू तं द्या." काकू फॉल लावलेली त्यातलीच एक साडी नेसून आल्या होत्या.

गावाचं नाव देत नाही, रील काढणारे जातील म्हणून. ठिकाण मात्र सांगते. वायगाववरून हिंगणघाटकडे जाताना शहर यायच्या आधी एक कच्चा रस्ता वेणा नदीकडे उतरतो. दोन्ही बाजूंना कपाशी आणि तूर. टोकाला गाव आणि गावाच्या डोक्यावर गढी, भोसल्यांच्या काळातली म्हणतात. पांढऱ्या मातीच्या भिंती वितळून गेल्या आहेत. एक बुरूज शिल्लक आहे आणि दगडी कमानीचा दरवाजा. दाराची लाकडी फळी गेली, उंबरठा राहिला. कमानीच्या आत दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या बसायच्या देवड्या आहेत. आत सीताफळीचं रान, एक बुजलेली विहीर, बस्स.

जेवणाचं सुनंदाताईंकडे असतं. त्या गावात बचत गट चालवतात, भरीत-भाकर आणि पाटोडीचा रस्सा असा करतात की लोक गाडीत चढताना धापा टाकतील इतकं जेवतात. गढीची रीत मला त्यांनीच पहिल्यांदा सांगितली होती. आत जाताना एकजण बाहेर बसवायचा. निघताना बाहेरच्यानं आतल्याला नाव घेऊन हाक मारायची आणि 'ये' म्हणायचं. आतल्यानं 'आलो' म्हणायचं आणि मगच उंबरठा ओलांडायचा. गावातल्या बाया सारवायला पांढरी माती आणायला जातात तेव्हा असंच करतात, चपला काढाव्यात इतक्या सहज. मी कारण विचारलं तर सुनंदाताई म्हणाल्या, "आत लय जन राह्यले मॅडम. बिना नावाची हाक मारली तं कोनीबी ओ देईल न. आमी तं शेळीलेबी नावानंच बोलावतो."

मला ही रीत फार आवडली होती. विश्वास म्हणून नाही, गंमत म्हणून. ट्रिपच्या लोकांना मी दारातच जोड्या पाडायला लावायचे. मैत्रिणी मैत्रिणींना ओरडून हाका मारायच्या, नवरे बायकोला लाडाच्या नावानं बोलवायचे, मोबाईल निघायचे, हशा पिकायचा. गढीत पाहण्यासारखं फारसं काही नसल्यामुळे ट्रिपचा खरा आयटम हाच होता.

त्या दिवशी काकू उंबरठ्यापाशी आल्या तेव्हा काकांनी हात आडवा केला. "तू कुठी चालली? बस इथी. बॅग सांभाळ." काकू म्हणाल्या, "पाह्यते न मी पन थोडसं." काका म्हणाले, "काय पाह्यतं? माती? घरी कुंडीत आहे." आणि पायातले पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज जपत आत गेले. काकू कमानीबाहेरच्या दगडावर बॅग मांडीवर घेऊन बसल्या. मला संताप आला, पण ट्रिपची माणसं होती, तोंड वाजवलं नाही.

परत निघताना नेहमीचा गोंधळ सुरू झाला. एकेकाचं नाव, एकेकाची 'आलो', टाळ्या. शेवटी काका राहिले. ते कुठेतरी आत सीताफळींमागे होते. बायकांनी काकूंना घेरलं — घ्या नं काकू नाव, उखाण्यात घ्या! काकू लाजून लाल. आमच्याकडे त्यांच्या वयाच्या बायका नवऱ्याला 'अजी' म्हणतात. नाव लग्नात आणि हळदीकुंकवाला, तेही उखाण्यात लपवून. तरी त्यांनी तोंड उघडलं होतं. मी समोर होते, मी पाहिलं, 'म' साठी ओठ मिटले होते. तेवढ्यात आतून काका गरजले, "ए! नाव-गिव घ्याचं नाई चारचौघात! लाज वाट्टे का नाई?"

काकू खाली मान घालून म्हणाल्या, "अजी... या."

मग अगदी जवळून, कमानीच्या आतूनच, कुणीतरी हळू म्हणालं, "आलो."

आणि काका बाहेर आले. अनवाणी. उंबरठ्याला हात लावून त्यांनी तो कपाळाला लावला, बाहेर उभं राहून वर पाहिलं, आणि कितीतरी वेळ आभाळच पाहत राहिले. मग काकूंच्या मांडीवरची बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि म्हणाले, "दमली का तू?" काकूंनी मागे वळून पाहिलं. त्यांना वाटलं दुसऱ्या कुणाला विचारलं.

शूज कुठे, विचारलं तर म्हणाले, "राहू दे." सुनंदाताई भाकरी वाढता वाढता थांबल्या आणि मला म्हणाल्या, "बाईनं नाव नाई घेतलं काय?" मी हसून म्हटलं, "जाऊ द्या हो ताई, आले न." त्या पुन्हा भाकरी वाढायला लागल्या. काका मात्र काकूंचं ताट वाढून होईपर्यंत जेवायला बसले नाहीत. परतीच्या रस्त्यात ग्रीसचं नाव नाही, कुणाला नावं ठेवणं नाही. आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात हुश्श केलं.

पुढचे काही आठवडे मी त्यांच्या घरी जात होते आणि जे पाहत होते त्याला 'सुधारणा' हा एकच शब्द होता. काका आवाज चढवत नव्हते. चहा कसाही असो, पीत होते आणि कप स्वतः विसळत होते. दिवसभर घराच्या दाराशी उकिडवे बसायचे, जिन्यावरून कोणी गेलं की उठून उभे राहायचे. फ्रीज उघडला की थोडं मागे सरायचे. आणि अंधार पडायच्या आत काकूंना विचारायचे, "दिंडी लावू का?" गढीच्या मोठ्या दरवाज्यात माणसापुरतं लहान दार असतं, त्याला दिंडी म्हणतात. टू बीएचके फ्लॅटच्या दाराला कुणी म्हणत नाही.

मी त्यांना बळेच मोठ्या दवाखान्यात नेलं. एमआरआय झाला. त्यात काही दिसलं नाही. डॉक्टर म्हणाले, बारीकसा झटका येऊन गेला असेल, कधीकधी स्वभाव बदलतो, स्मृतीत गोंधळ होतो, इतका छान बदल झाला असेल तर तक्रार कसली? मला पटलं. माझ्यासारखीला असंच काहीतरी पटायला हवं असतं. काकूंचं वजन वाढलं होतं. त्या मान वर करून बोलायला लागल्या होत्या आणि मला, खरं सांगते, आनंद होत होता.

मग मी दुसरा ग्रुप घेऊन त्याच गढीवर गेले.

गाडीतून उतरले तर सुनंदाताई माझी वाटच पाहत होत्या. लोकांना पाणी देऊन त्यांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, तुमचे ते मागच्या वेळचे... ते आतच हायत न. लय शिव्या देऊन राह्यले. शेळ्या जात नाई आत."

मी म्हटलं, "ताई, काका घरी आहेत. सकाळीच मला आंघोळ करून दारात बसलेले दिसले."

"घरी कोन हाय ते मले नाई मालूम," सुनंदाताई म्हणाल्या. "हे पाहा, ऐका तुमीच."

कमानीपाशी गेले आणि ऐकलं. भर उन्हात, पाखरं किलबिलत असताना, हातभर अंतरावरून मधुकरकाकांचा आवाज — "कुठी मेली बे ही बाई! अक्कल नाई, शक्कल नाई! हाक मारून राह्यली नाई तं!" तोच आवाज. लहानपणापासून ज्याला घाबरत आले तो. शेवटच्या शब्दावर जोर देऊन समोरच्याला ठोसा मारल्यासारखं बोलणं, तेही तेच.

मी धावत आत गेले. आत शिरताच आवाज बंद. पूर्ण बंद. सीताफळी, बुजलेली विहीर, आणि एका झाडाखाली शेजारी शेजारी ठेवलेले पांढरे स्पोर्ट्स शूज. त्यांत वाळलेली पानं साचली होती. मी "काका! काका!" करत सगळीकडे फिरले. माणूस नाही. दारापाशी आले, उंबरठ्यावर पाय टाकणार, आणि थांबले. फिजिक्सची बाई दारात उभी, आणि पाय उचलत नाही! बाहेरून सुनंदाताईंनी हाक मारली, "मंजूताई, या." मी "आले" म्हटलं. बाहेर पाऊल पडताच पाठीमागून काका पुन्हा सुरू झाले.

"मंजू? मंजू आहेस का? तिले आन व. त्या बावळटीले आन इथी. तिले म्हना नाव घे. परवानगी आहे म्हना!"

मी त्यांचं नाव घेऊन हाक मारली. सख्ख्या काकाला एकेरी, "मधुकर, ये!" असं ओरडले. सुनंदाताईंनी मान हलवली. "तुमच्यानं नाई होत. ज्याले बाहेर बसवून गेले त्याईनंच हाक मारा लागते."

आणि बाहेर त्यांनी कुणाला बसवलं होतं, ते मी पाहिलं होतं.

तुम्ही विचाराल, मोबाईलवर रेकॉर्ड का नाही केलं? नाही केलं. मोबाईल पर्समध्येच राहिला. ग्रुपच्या लोकांनी आवाज ऐकला, पण त्यांना वाटलं मागच्या वावरात कोणाचं तरी भांडण सुरू आहे. मी त्यांना तसंच वाटू दिलं.

दुसऱ्याच दिवशी काकूंकडे गेले. काका — दारात बसलेले ते — मला पाहून उठून उभे राहिले. काकू आत आवळे किसत होत्या. मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या रडतील, किंवा मला वेड्यात काढतील. त्या किसत राहिल्या.

"शिव्या देतात?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मले बावळट म्हन्ले?"

"हो काकू."

"मंग तेच हायत," काकू म्हणाल्या, आणि हात धुतले. "नेजो मले रविवारी."

मी मनात हिशेब मांडला होता. काकू नाव घेतील, आतलं जे काय आहे ते बाहेर येईल आणि खरे काका कोण ते मला कळेल. माझी सगळी धडपड एवढ्यासाठीच होती. कितीही वाईट असला तरी माणूस आहे, त्याला तिथून काढायला हवं. आणि ते एकच बाई करू शकत होती.

रविवारी माझ्या गाडीनं गेलो, आम्ही तिघंच. ते मागच्या सीटवर गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. गढी दिसली तशी त्यांनी नजर खाली घातली. गाडी झाडाखाली लावली तरी उतरले नाहीत. मी म्हटलं, "काका, येता का दारापर्यंत?" ते म्हणाले, "नको बाई. लय दिवस राह्यलो तिथी." मग पिशवीतून संत्रं काढून काकूंसाठी सोलायला लागले. बिया काढून.

काकू त्याच दगडावर बसल्या. आतून लगेच, "आली? किती वेळ लावला! जेवाले बसली होती का? घे नाव. चाल."

काकूंनी पायातली चप्पल काढून तिच्यातला खडा झटकला.

"बहिरी झाली का? नाव घे म्हन्लं न! मी आलो न बाहेर, तं पाय मंग तुले..."

एवढं म्हणून आवाज थांबला. आपण काय बोललो ते त्यांना कळलं असावं. जरा वेळानं पुन्हा आला तेव्हा मऊ झाला होता. काकांचा मऊ आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. "विमल. अवं विमल. इथी लय गर्दी आहे व. दिसत कोनी नाई, पन सरकाले जागा नाई. माह्या आंगावर बसतात. घे न नाव."

मी काकूंचा खांदा धरला. "काकू, घ्या नं. घ्या पटकन."

काकूंनी पदर नीट केला, कमानीकडे तोंड केलं, आणि विचारलं, "अजी, तिथी पानी खरंच निळं होतं का?"

"कुठलं पानी?"

"ग्रीसचं."

"विमल, हे काय इचारून राह्यली तू? आता?"

"सांगा न," काकू म्हणाल्या. "मले सांगतलंच नाई तुमी कधी. सगळ्यायले सांगतलं."

आणि त्यांनी सांगितलं. काय करणार होते? रडत, अडखळत सांगितलं. की हो, निळं होतं, काठाजवळ हिरवट होतं. एक गाव अख्खं खडकावर होतं आणि आत जायला एकच दरवाजा. दगडी गल्ल्या इतक्या अरुंद की दोन माणसं अंग चोरून जायची. किल्ल्याच्या तटावरून खाली पाहिलं की पोटात गोळा यायचा. काकू हनुवटीखाली हात ठेवून ऐकत होत्या, मधूनच "अन् मंग?" म्हणत होत्या. कधी विचारायच्या, "तिथल्या बाया काय नेसतात?" "खाले काय होतं?" काका प्रत्येक उत्तराच्या शेवटी म्हणायचे, "आता घे न." काकू म्हणायच्या, "अन् मंग?"

मला सहन होईना. मी म्हटलं, "काकू, बास झालं! माणूस आहे तो!"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता, उलट चेहरा उजळला होता, नवीन नवरीसारखा. "बस व मंजू," त्या म्हणाल्या. "आत्ताशी तं बोलून राह्यले माह्याशी."

उन्हं कलायला लागली तशा त्या उठल्या, साडीची माती झटकली आणि कमानीला म्हणाल्या, "बाकीचं पुढच्या रविवारी." पाठीमागे जे ओरडणं सुरू झालं ते मी इथं लिहीत नाही. जनावर गाळात रुतलं की ओरडतं तसं होतं ते. काकूंनी गाडीत बसून संत्र्याच्या फोडी खाल्ल्या आणि मलाही दिल्या.

तेव्हापासून दर रविवारी आम्ही जातो. मी नाही म्हटलं होतं एकदा, तर त्या एसटीनं आणि पुढे पायी गेल्या. मी दर वेळी मनात ठरवते की आज भांडेन, आज हात जोडेन. दोन्ही करून झालं. काकू म्हणतात, "घेईन न. घाई काय हाय?" काका एकदा सांगितलेलं पुन्हा सांगायला लागले की त्या लगेच पकडतात, "हे तं मागच्या वेळीच सांगतलं तुमी." मग आत ते आठवत बसतात. हल्ली बरंचसं बनवून सांगतात, मला कळतं, काकूंनाही कळत असणार. शिव्या तर केव्हाच संपल्या. सुनंदाताईंनी शेळ्या दुसरीकडे न्यायला सुरुवात केली आहे, पण आमच्यासाठी भाकरी टाकतात. या घरगुती गोष्टीत त्या पडत नाहीत.

मला विचाराल तर माझ्याकडे काही स्पष्टीकरण नाही. भास म्हणावा तर मी, काकू आणि सुनंदाताई तिघींना तोच भास, त्याच शब्दांत, दिवसाउजेडी. कुणी लपून आवाज काढतं म्हणावं, तर आत मी पुन्हा एकदा जाऊन प्रत्येक झुडूप हलवून आले आहे. झटका आला म्हणावं, तर दाराशी बसलेल्या त्या माणसाला मी परवा निखिलच्या जन्माची गोष्ट विचारली, आणि तो इतक्या अदबीनं हसला की मला पुढे विचारवेना. वर्गात मी आजही सांगते, ज्याला कारण नाही असं काही घडत नाही. सांगताना फळ्याकडे तोंड करते.

निखिलचा फोन आला होता. बाबा इतके बदलले, इतके छान बोलतात, म्हणून तो फार खूष आहे. या उन्हाळ्यात दोघांनाही ग्रीसला नेतो म्हणाला. काकूंचा पासपोर्ट आला आहे. मागच्या रविवारी त्यांनी तो पिशवीतून नेला होता आणि कमानीसमोर धरून दाखवला, फोटो चांगला आला आहे हेही सांगितलं. "निखिल आमाले दोघायले नेऊन राह्यला," त्या म्हणाल्या. "तुमी सांगतलं ते सगळं पाहून येतो. खडकावरचं गाव पन."

आत बराच वेळ काहीच आवाज नव्हता. मला वाटलं गेले, सुटले एकदाचे. मग अगदी उंबरठ्यापाशी, जमिनीलगत, लहान पोरासारखा आवाज आला, "अन् मी?"

काकूंनी पासपोर्ट रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवला. मग मला विचारलं, की वाटेत हिंगणघाटला थांबता येईल का, प्रवासासाठी एक चांगली चप्पल घ्यायची आहे.